मक्तेदार आणि राखणदार: लंडनच्या टांकसाळीतल्या एका खुर्चीची केस

लंडनच्या टांकसाळीत 'मास्टर ऑफ द मिंट' नावाचा जो बडा माणूस असायचा ना, तो आपल्या डोक्यात असतो तसा सरकारी अधिकारी नव्हताच मुळी. तो होता मक्तेदार. राजाबरोबर लेखी करार करायचा, करारात सगळं लिहिलेलं असायचं, एक पौंड वजनाच्या चांदीतून किती शिलिंग पाडायचे, कस किती ठेवायचा, चूक किती चालेल, आणि या सगळ्याचे मास्टरला वजनावर पैसे. म्हणजे जितकी जास्त चांदी, जितकं जास्त सोनं टांकसाळीतून नाणं होऊन बाहेर पडेल तितकी त्याची कमाई. त्यातूनच त्यानं कारागिरांचे पैसे भागवायचे, उरेल ते खिशात.

आणि त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा माणूस, वॉर्डन. हा राजाचा माणूस, ठरलेल्या पगारावरचा. तिसरा कंट्रोलर, तो दोघांच्या वह्या पडताळणारा. कागदावर बघितलं तर झकास व्यवस्था आहे. एकाला कमवायची मुभा, दुसऱ्याला त्याच्यावर भुंकायचा पगार, तिसरा हिशोबाला.

मी बरीच वर्षं ठेकेदारांची बिलं तपासायचं काम केलंय, कुठे ते सांगत नाही, आणि त्यामुळे हे प्रकरण वाचताना मला न्यूटनच्या हुशारीपेक्षा या खुर्च्यांच्या मांडणीतच जास्त रस वाटायला लागला. हो, न्यूटन, तोच तो. १६९६ ते १६९९ तो वॉर्डन होता आणि तिथून पुढे १७२७ ला मरेपर्यंत मास्टर. म्हणजे आधी राखणदार, मग मक्तेदार. आमच्याकडे ऑडिटवाल्यानं नोकरी सोडून त्याच कामाचा ठेका घेतला असता तर काय बोंब झाली असती! तिकडे कोणाला फारसं काही वाटलं नाही, आणि का वाटलं नाही तेच या केसमध्ये बघायचंय.

आधी थोडा मागचा इतिहास, पटकन उरकतो. राजाच्या नाण्यात हीण घालणं हा उद्योग नाण्याइतकाच जुना. ११२४ मध्ये पहिल्या हेन्रीनं देशभरातल्या नाणी पाडणाऱ्यांना विंचेस्टरला बोलावलं आणि त्यांचे उजवे हात कापले, नुसते हात नाही, वृषणंही कापली, असं त्या काळच्या बखरीत चक्क लिहून ठेवलंय. त्या वेळी टांकसाळी गावोगावी होत्या, त्यामुळे कोण कुठे काय मिसळतोय ते कळायचं नाही. १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डनं मोठी नवी नाणेपाडणी काढली तेव्हा मार्सेयहून विल्यम दे तुर्नमीर नावाच्या माणसाला आणून मास्टर केलं, आणि एकच माणूस, एकच करार, जबाबदारी त्याच्या डोक्यावर ही पद्धत बसत गेली. टांकसाळ लंडनच्या टॉवरमध्ये, किल्ल्याच्या दोन तटांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, आणि तिथे ती पाचेकशे वर्षं होती.

करारपद्धत आली म्हणून लबाडी थांबली असं नाही हां. आठव्या हेन्रीच्या शेवटच्या वर्षांत तर खुद्द राजानंच चांदीत तांबं ओतलं, नाण्यावरच्या राजाच्या नाकाची चांदी झिजून खालचं तांबं दिसायचं म्हणून लोक त्याला 'तांबड्या नाकाचा' म्हणायचे. आणि राजाच असा तर नोकर काय करणार? ब्रिस्टलच्या टांकसाळीवर विल्यम शॅरिंग्टन नावाचा अधिकारी होता, लॅकॉकचा अख्खा मठ आधीच विकत घेऊन बसलेला, त्यानं हलकी नाणी पाडून, वह्यांत घोळ घालून, नाण्यांच्या कडा कातरून निघालेली चांदी विकून बक्कळ पैसा केला. १५४९ मध्ये पकडला गेला, कबुली दिली, आणि मग काय, माफी मिळाली, जमीनजुमलाही पैसे भरून परत घेतला. गरीब माणूस दोन शिलिंग कातरल्याबद्दल फासावर जायचा त्याच देशात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता खरा गुंता सुरू होतो १६६६ पासून. त्याआधी कोणी व्यापारी चांदीची लगड घेऊन टांकसाळीत आला की नाणी पाडून द्यायचा खर्च आणि राजाचा हिस्सा त्याच्याच चांदीतून कापला जायचा, आणि हा राजाचा हिस्सा गोळा करायचं काम वॉर्डनचं. म्हणजे पैसा वॉर्डनच्या हातातून जायचा, म्हणून त्याला वजन. १६६६ च्या कायद्यानं नाणी पाडून देणं फुकट केलं, किलोला किलो तोलून द्यायचं (किलो तेव्हा नव्हता, बोलायची पद्धत), आणि टांकसाळीचा खर्च परदेशी वाईन, ब्रँडी वगैरेवरच्या जकातीतून भागवायचा. उद्देश चांगला, लोकांनी चांदी आणावी हा. पण झालं असं की जकातीचा पैसा आता मास्टरच्या हातात यायला लागला, आणि वॉर्डनला गोळा करायला काही उरलंच नाही. कोणी ठरवून वॉर्डनचे पंख छाटले असं मला वाटत नाही, फक्त पैशाचा नळ इकडून तिकडे वळवला आणि अधिकार आपोआप पैशाच्या मागे गेला. खुर्ची होती, पगार होता, टांकसाळीतलं पहिलं स्थान होतं, पण काम म्हणाल तर इमारतींची डागडुजी आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांवर खटले. ते खटलेसुद्धा कारकुनाकडे सोडून दिलेले.

आणि मास्टर कोण होता या काळात? थॉमस नील. हा माणूस म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण आहे. दरबारात जुगाराच्या टेबलांवर देखरेख करायचं पद त्याच्याकडे, लंडनमधल्या सेव्हन डायल्सचा प्लॉट पाडणारा बिल्डर तो, अमेरिकेतल्या वसाहतींत टपाल चालवायचा परवाना त्याच्या नावावर, १६९४ ची दहा लाख पौंडांची सरकारी लॉटरी त्याचीच आयडिया. टांकसाळ हा त्याच्या अनेक धंद्यांपैकी एक. काम त्याचा सहाय्यक थॉमस हॉल बघायचा, कमिशन नील घ्यायचा. त्याच्या आधीचा मास्टर हेन्री स्लिंग्सबी तर हिशोबाच्या भानगडीत निलंबित झाला होता. म्हणजे राखणदार झोपलेला आणि मक्तेदार गावभर.

या अवस्थेत १६९५ उजाडलं. आणि देशात नाणंच उरलं नव्हतं.

म्हणजे होतं, पण कसं? १६६२ नंतर यंत्रावर पाडलेली नाणी आली होती, गोल, एकसारखी, आणि मोठ्या नाण्यांच्या कडेवर 'देकुस एत तुतामेन' असं लॅटिन कोरलेलं, अर्थ शोभा आणि रक्षण, कारण कडेवर अक्षरं असली की कातरता येत नाही. पण जुनी हातोड्यानं ठोकलेली नाणी रद्द केलीच नव्हती. ती वेडीवाकडी, कड नसलेली, कात्रीनं जराशी कातरली तर कोणाला कळायचं नाही. मग लोक काय करणार, कातरलेलं पुढे खपवायचं आणि यंत्रावरचं नवं कोरं नाणं घरात दाबून ठेवायचं नाहीतर वितळवून ॲमस्टरडॅमला पाठवायचं, कारण तिकडे त्या चांदीला सोनं जास्त मिळायचं. सरकारी खजिन्यात आलेली नाणी १६९५ मध्ये तोलून बघितली तर वजन निम्म्याच्या आसपास भरलं. निम्मं! एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स, म्हणून घ्यायचा आणि सहा पेन्सांची चांदी. वर फ्रान्सशी युद्ध चाललेलं, सैन्याचा पगार द्यायचा, आणि सोन्याची गिनी, जिची सुरुवातीची किंमत २० शिलिंग होती, ती बाजारात ३० शिलिंगांवर गेलेली.

वाद झाला मोठा. ट्रेझरीचा सेक्रेटरी विल्यम लाउंड्स म्हणाला, नवीन नाण्यात चांदी कमी घाला, बाजारात जे झालंय ते मान्य करा. तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणाला, अजिबात नाही, शिलिंग म्हणजे ठरलेली चांदी, त्यात फेरफार म्हणजे ज्याचं देणं आहे त्याची फसवणूक. न्यूटनचंही मत विचारलं होतं आणि गंमत म्हणजे तो लाउंड्सच्या बाजूचा होता. पार्लमेंटनं लॉकचं ऐकलं. जुन्या वजनानंच सगळी चांदी पुन्हा पाडायची, तूट भरून काढायला घरांच्या खिडक्यांवर टॅक्स, आणि ४ मे १६९६ नंतर कातरलेली नाणी करात घेणार नाही. आठ नोव्हेंबर आठवतोय ना आपल्याला, तसलाच प्रकार, फक्त तीनशेवर वर्षं आधी, आणि नवीन नाणी छापखान्यात नाही तर घोड्यांनी फिरवायच्या यंत्रावर तयार व्हायची.

मार्च १६९६ मध्ये चार्ल्स माँटेग्यूनं, म्हणजे तेव्हाच्या अर्थमंत्र्यानं, केंब्रिजला न्यूटनला पत्र लिहिलं की वॉर्डनची जागा तुला मिळवलीये, वर्षाला पाचसहाशे पौंडांची आहे आणि काम असं फार नाही, जमेल तेवढं लक्ष दिलंस तरी चालेल. या एका वाक्यात ती खुर्ची काय झाली होती ते सगळं आलं. ५३ वर्षांचा प्रोफेसर, पगार शंभर पौंडांच्या घरात, मित्रानं त्याची सोय लावली. सोय लावणाऱ्यालाही वाटलं नव्हतं की हा माणूस तिथे जाऊन खरंच काम करेल.

हा गेला आणि जुनी दप्तरं उकरत बसला. पहिले काही महिने त्यानं जे केलं ते मला फार ओळखीचं वाटतं, कारण कुठल्याही नवीन ठिकाणी चांगला तपासनीस तेच करतो: जुने करार वाच, जुन्या वह्या काढ, मूळ नियम काय होता आणि आता काय चाललंय ते शेजारीशेजारी मांड. मग त्यानं ट्रेझरीला लिहिलं की वॉर्डन हा टांकसाळीतला सगळ्यात वरचा अधिकारी होता, आता त्याचे अधिकार मास्टरकडे गेलेत, ते परत द्या. आपल्या खुर्चीचं वजन वाढवायची मागणी आहे हे खरंच, पण निदानही बरोबर होतं. ट्रेझरीनं काही केलं नाही. युद्धाच्या धामधुमीत कोण ती मांडणी बदलत बसणार.

मग तो कामाच्या जागी जाऊन उभा राहिला. त्याचं एक टिपण आहे, ते मला त्याच्या सगळ्या लिखाणात आवडतं (बाकीचं मला समजत नाही हेही कारण असेल): दोन यंत्रांना ४ मिलवाले, १२ घोडे, २ घोडेवाले, चकत्या कापणारे ३, सपाट करणारे २, वजनाला आणणारे ८, तापवून मऊ करणारा १, उजळवणारे ३, कडेवर अक्षरं उठवणारे २, आणि ठसे उमटवायचे २ प्रेस, त्यांना ओढायला १४ मजूर, एवढ्यांत दिवसाला ३००० पौंडांची नाणी निघतात. घोडे, माणसं, काम, सगळं मोजलेलं. कारागिरांना वजनामागे जो दर मिळतो त्यापेक्षा खरा खर्च कमी आहे हेही त्यानं काढलं. आता गंमत बघा, हे मोजायचं काम कोणाचं? मास्टरचं. दर कमी झाला तर फायदा कोणाचा? मास्टरचा. नीलनं कधी मोजलं नाही, कारण कमिशन तसंही येत होतं आणि या मोठ्या नाणेपाडणीत तर धो धो येत होतं. पगारी राखणदार मक्तेदाराचं काम करत होता आणि मक्तेदार कमिशन मोजत होता. माझ्या नोकरीत हे एकदा बघितलंय मी, साइटवर ठेकेदाराचा माणूस फिरकायचा नाही आणि आमचाच ज्युनिअर मजुरांना कामं वाटायचा, नंतर बिल मात्र पूर्ण आलं.

पहाटे चारपासून मध्यरात्रीपर्यंत यंत्रं चालायची. शेवटी शेवटी आठवड्याला एक लाख पौंडांपर्यंत नाणी निघायला लागली. ब्रिस्टल, चेस्टर, एक्झेटर, नॉर्विच, यॉर्क अशा पाच गावांत तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या, आणि चेस्टरला डेप्युटी कंट्रोलर म्हणून न्यूटननं कोणाला चिकटवलं तर एडमंड हॅलीला, धूमकेतूवाल्या. वशिल्यानं आलेल्या माणसानं वशिल्यानंच दुसरा आणला, पण दोघंही कामाचे निघाले, काय बोलणार. हॅलीची तिथल्या सहकाऱ्यांशी जी भांडणं झाली ती तर विचारू नका. एकूण साधारण ६८ लाख पौंडांच्या आसपास चांदी दोनतीन वर्षांत नव्यानं पाडली गेली.

आता दुसरी बाजू, जी वॉर्डनच्या वाट्याला खरोखर आलेली होती, म्हणजे खोटी नाणी. हे काम न्यूटनला नको होतं. १६९६ च्या उन्हाळ्यातच त्यानं ट्रेझरीला लिहिलं की हे वकिलाचं काम आहे, माझ्याकडून काढून घ्या, आणि त्यात एक मुद्दा असा मांडला जो आजही वाचण्यासारखा आहे. कायद्यानं प्रत्येक गुन्हेगारामागे पकडून देणाऱ्याला ४० पौंड बक्षीस ठेवलं होतं, मजुराच्या दोन वर्षांच्या कमाईइतकं, आणि त्यामुळे ज्यूरी साक्षीदारांवर विश्वासच ठेवेनासे झाले, सगळ्यांना वाटायचं हा पैशासाठी बोलतोय. म्हणजे बक्षीस लावलं गुन्हा पकडायला आणि त्यानंच पुरावा पातळ केला. ट्रेझरीनं सांगितलं, काम तुमचंच आहे, करा.

मग त्यानं केलं. आजूबाजूच्या परगण्यांत स्वतःला मॅजिस्ट्रेट नेमून घेतलं म्हणजे हद्दीचा प्रश्न नको, खबरे ठेवले, दारूच्या गुत्त्यांत बसला, तुरुंगात जाऊन जबान्या घेतल्या, त्याचा खर्च नंतर सरकारकडून मागून घेतला, त्यात गुत्त्यांचा खर्चही. शेकडो जबान्या आहेत त्याच्यासमोर झालेल्या. आणि या सगळ्यात समोर आला विल्यम चॅलोनर.

चॅलोनर मूळचा वॉरिकशरचा, गरिबाघरचा, बर्मिंगहॅमला खिळे बनवणाऱ्याकडे उमेदवारी केलेला. खिळे बनवणारे तिथे जोडधंदा म्हणून हलकी नाणीही पाडायचे असं म्हणतात, म्हणजे शाळा चांगली मिळाली. लंडनला आल्यावर मुलाम्याचं काम शिकला, मग गिनी, मग परदेशी नाणी, मग १६९५ मध्ये नव्यानं निघालेल्या बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा. पकडला गेला की दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगून सुटायचा आणि वर बक्षीस घ्यायचा. एकदा तर छापखानेवाल्यांना फूस लावून राजाविरुद्धचे कागद छापून घेतले आणि मग त्यांनाच पकडून दिलं.

पण या केसमध्ये त्याचं महत्त्व वेगळं आहे. १६९७ मध्ये तो पार्लमेंटच्या समितीसमोर गेला आणि म्हणाला, टांकसाळीचे अधिकारी नालायक आहेत, तिथूनच ठसे बाहेर जातात, मला आत काम करू द्या, कातरता येणार नाही आणि नक्कल करता येणार नाही असं नाणं कसं पाडायचं ते दाखवतो. आणि आरोपात तथ्य होतं! टॉवरमधून ठसे खरोखर चोरीला गेले होते. समितीला तो पटला, न्यूटनला सांगण्यात आलं की याला प्रयोग करायला साधनं द्या. न्यूटननं नकार दिला, कडेवर अक्षरं उठवायची पद्धत गुप्त ठेवायची आमची शपथ आहे म्हणून. विचार करा, व्यवस्थेतलं भोक सगळ्यात नेमकं कोणाला दिसलं तर चोराला, कारण तो त्याच भोकातून ये-जा करत होता. आपल्याकडे म्हणतात ना, चोराची पावलं चोरालाच ठाऊक.

पुढची दोन वर्षं न्यूटन त्याच्या मागे. १६९७ मध्ये पकडला, तर मुख्य साक्षीदार थॉमस हॉलोवे याला चॅलोनरनं पैसे देऊन स्कॉटलंडला पाठवलं, स्कॉटलंडमध्ये इंग्लंडचा कायदा चालत नव्हता, केस पडली. चॅलोनर बाहेर आला आणि उलट पार्लमेंटकडेच तक्रार केली की टांकसाळवाले मला छळतायत. मग सरकारनं दारूच्या माल्टवरच्या करावर लॉटरी काढली होती तिची खोटी तिकिटं त्यानं पाडली, आणि १६९८ च्या शेवटी पुन्हा सापडला. या वेळी न्यूटननं कच्चं काहीच सोडलं नाही. न्यूगेट तुरुंगात त्याच्या आजूबाजूला आपली माणसं पेरली, जुने साथीदार, त्यांच्या बायका, एकेकाची जबानी घेतली. चॅलोनरनं वेड लागल्याचं नाटक केलं, उपयोग झाला नाही. मार्च १६९९ मध्ये ओल्ड बेलीत खटला झाला, आरोप राजद्रोहाचा, आणि त्याच महिन्यात टायबर्नला फाशी. शेवटी न्यूटनला विनवणीचं पत्र लिहिलं, तुमच्याशिवाय मला कोणी वाचवू शकत नाही, मला वाचवा, अशा अर्थाचं. उत्तर गेल्याची नोंद नाही.

मला इथे न्यूटनचं कौतुक करायचं जिवावर येतं खरं सांगू तर. चॅलोनर लबाड होता यात शंका नाही, पण शॅरिंग्टन आठवा, राजाच्या टांकसाळीत बसून ज्यानं लुटलं त्याला मठ परत मिळाला, आणि बाहेर बसून ज्यानं केलं तो घसरगाडीवर फरफटत टायबर्नला गेला. १६९७ च्या कायद्यानंतर नाणी पाडायची हत्यारं जवळ असणं हाही राजद्रोह. आणि खटल्यातला पुरावा सगळा साथीदारांच्या तोंडचा, ज्यांना स्वतःची मान सोडवायची होती, म्हणजे न्यूटननंच तीन वर्षांपूर्वी ज्या प्रकारच्या साक्षींबद्दल कुरकुर केली होती त्याच.

डिसेंबर १६९९ मध्ये नील वारला, आणि न्यूटननं मास्टरकी घेतली, ख्रिसमसपासून, योगायोगानं त्याच्या वाढदिवसापासून. पगार ५०० पौंड आणि वर वजनावर कमिशन. चांगल्या वर्षी ३००० पौंडांच्या वर, सरासरी काढली तर दीड हजाराच्या पुढे. १७०१ मध्ये केंब्रिजची प्रोफेसरकी सोडून दिली. वॉर्डनचे अधिकार वाढवा म्हणून लिहिणारा माणूस मास्टर झाला आणि ती मागणी तिथेच संपली, नंतरच्या वॉर्डनांची नावं कोणाला आठवत नाहीत. यात लबाडी नाही म्हणणार मी, पण त्याला तीन वर्षांत कळलं होतं की खरी सत्ता कुठल्या खुर्चीत आहे, आणि ती दुरुस्त करण्यापेक्षा तिच्यात जाऊन बसणं सोपं होतं. चांगल्या राखणदाराला बढती म्हणून मक्ता दिला की राखणीचं काय होतं, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही.

मग त्याच्यावर लक्ष कोणाचं? एक जुनी रीत होती, ती मात्र शाबूत. 'ट्रायल ऑफ द पिक्स'. पिक्स म्हणजे पेटी. पाडलेल्या नाण्यांतली थोडी नाणी सतत त्या कुलूपबंद पेटीत टाकत जायची, आणि मधूनमधून ती उघडून लंडनच्या सोनारांच्या पंचांनी तोलायची, वितळवून कस लावायचा, सरकारी नमुन्याच्या पट्टीशी ताडायचा. आरोपीच्या पिंजऱ्यात म्हणाल तर मास्टर. कमी भरलं तर त्यानं भरून द्यायचं. आपल्याकडे नाणं वाजवून घेणं म्हणतात, त्याचं सरकारी रूप. गावगाड्यात पोतदार तेच करायचा, आलेल्या नाण्याचा कस बघून बट्टा सांगायचा, आणि पेशवाईत टांकसाळींचे मक्ते सोनारांना दिले जायचे तेव्हाही भानगड हीच, मक्तेदाराचं नाणं कोण वाजवणार.

१७१० च्या परीक्षेत सोनारांनी सांगितलं, न्यूटनचं सोनं कसाला कमी आहे. काय झोंबलं असेल! त्यानं कागदावर कागद लिहिले, खाडाखोड करून पुन्हा लिहिले, म्हणणं हे की नाणं बरोबर आहे, तुमची १७०७ मध्ये केलेली नवी नमुना-पट्टीच हवी त्यापेक्षा शुद्ध आहे, तिच्याशी ताडलं तर कुठलंही बरोबर नाणं कमी दिसेल. आणि त्याचंच खरं होतं. ती पट्टी बाजूला ठेवली, १६८८ ची जुनी पट्टी पुन्हा वापरात आली. मला यात आवडतं ते हे की जगातल्या सगळ्यात मोठ्या डोक्याचा माणूस असूनही त्याला सोनारांच्या पंचांसमोर उत्तर द्यावं लागलं. वॉर्डन कधीच आडवा आला नाही, पेटी आली. खुर्चीतला माणूस बदलतो, बढती घेतो, झोपतो. पेटीला कमिशन नसतं.

नाणी एकसारखी पाडण्यात त्यानं खरंच सुधारणा केली, हेही लिहायला हवं. करारात वजनाला थोडी सूट असायची, त्या सुटीच्या आत राहूनही काही नाणी जड, काही हलकी निघायची, आणि सराफ जड तेवढी वेचून वितळवायचे. न्यूटननं तो फरक आवळत आणला, त्यामुळे वेचण्यात फायदा उरला नाही.

पण एक गोष्ट त्याला जमली नाही, आणि तिथे आपला संबंध येतो. नवीन पाडलेली चांदी देशात टिकेना. कारण टांकसाळीच्या भावानं इंग्लंडात सोनं महाग आणि चांदी स्वस्त धरलेली, आणि पूर्वेकडे उलटं. सप्टेंबर १७१७ च्या अहवालात त्यानं स्वतः लिहिलंय की चीन-जपानात एक पौंड सोन्याला नऊ-दहा पौंड चांदी पडते आणि हिंदुस्थानात बारा, आणि युरोपात ती पंधराच्या आसपास. मग ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं चांदी भरभरून इकडे आणणारच. कंपनीची मुंबईत १६७० च्या दशकापासून, तिथला गव्हर्नर गेराल्ड ऑंजिअरच्या काळापासून, टांकसाळ होतीच. लंडनमध्ये घोडे फिरवून, पहाटे चारला उठून, माणसं फासावर देऊन जी चांदी सरळ केली, तिच्यातली किती वितळून लगडी होऊन सुरत-मुंबईकडे आली असेल आणि तिचे रुपये झाले असतील! डिसेंबर १७१७ मध्ये गिनी साडेएकवीसवरून २१ शिलिंगांवर बांधली गेली, म्हणजे फक्त सहा पेन्स कमी. त्यानंच हिशोब मांडला होता की युरोपच्या भावानं दहा-बारा पेन्स कमी व्हायला हवेत, पण आधी सहा करून बघू म्हणाला. ते पुरलं नाही. चांदी जातच राहिली, आणि कोणी कायदा न करता इंग्लंड हळूहळू सोन्यावर चालायला लागलं.

नंतरचं पटकन सांगतो. न्यूटननंतर मास्टरकी बहुतेक राजकारण्यांना वाटायची खुर्ची झाली. १८१६ च्या नव्या नाणेपाडणीत वेलस्ली-पोलनं मनापासून काम केलं, तो ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा भाऊ, त्याच्याच काळात १८१७ चा सॉव्हरिन, म्हणजे नवं सोन्याचं नाणं, आला. १८५० च्या सुमारास चौकशी होऊन कारागिरांच्या जुन्या कंपनीचा मक्ता मोडला आणि जॉन हर्शेलला मास्टर केलं, पुन्हा खगोलशास्त्रज्ञ, तो बिचारा कामाच्या ताणानं आजारी पडून १८५५ ला सोडून गेला. त्याच्यामागे रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम, तो १८६९ ला वारला आणि पुढच्याच वर्षी कायदा करून मास्टर हे पद अर्थमंत्र्याला जोडून टाकलं, काम डेप्युटी मास्टर बघतो. वॉर्डनची खुर्ची त्याच्या कितीतरी आधीच कोणाच्या लक्षातही न येता गेली होती.

एक राहिलं. मार्च १७२७ मध्ये न्यूटन वारला तेव्हा मृत्युपत्र नव्हतं, मालमत्ता ३२००० पौंडांच्या आसपास, आणि वारस जमले. पण मास्टर मक्तेदार असल्यामुळे पुढची पिक्स परीक्षा होईपर्यंत पाडलेल्या नाण्यांची जबाबदारी त्याच्या नावावर, म्हणजे मेल्यावरही, म्हणजे वारसांवर. कोणालाच ती नको होती. ती घेतली जॉन कंड्यूटनं, न्यूटनच्या भाचीच्या नवऱ्यानं, जो त्याच्यामागे मास्टरही झाला, आणि त्या बदल्यात न्यूटनचे सगळे कागद त्याच्याकडे गेले. जबान्यांचे बरेच गठ्ठे न्यूटननं हयातीतच जाळले होते, कंड्यूटनंच हातभार लावला होता जाळायला. उरलेले कागद कंड्यूटच्या मुलीच्या सासरी दोनशे वर्षं पडून राहिले, १९३६ मध्ये लिलावात निघाले, त्यातले टांकसाळीचे कागद एका उमरावानं विकत घेऊन टांकसाळीलाच परत दिले. बारा घोडे आणि दोन घोडेवाल्यांचा हिशोब असलेल्या त्या दप्तरात १७१० च्या पट्टीवरच्या त्याच्या चिडक्या खाडाखोडीही आहेत.